स्कॉच मिशनची करंजी

स्टीफन हिस्लॉप ज्या देशातून नागपुरात आला, त्या देशात नाताळ साजरा करत नसत. विसरत असत अशातला भाग नाही. तो न करण्याचा त्यांचा नेम होता. १५६० साली स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली, तिथल्या धर्मपंडितांनी बायबल पुढून-मागून चाळलं, २५ डिसेंबर कुठेच सापडेना, आणि त्यांनी सण मोडीत काढला. १६४० मध्ये तिथल्या संसदेने नाताळची सुट्टीही रद्द केली. पुढे कायदा सैल पडला, पण अंगवळणी पडलेलं काय लगेच सुटतं? स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती थेट १९५८ साली. तोवर नागपुरातल्या पोरांच्या कितीतरी पिढ्यांनी नाताळच्या सुट्टीत पतंग उडवून मांजा संपवला होता.

हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात पोचला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी, शिवाय दगडधोंड्यांचा आणि जीवाश्मांचा नादी. एका खनिजाला त्याचं नावही आहे. त्याने काढलेल्या शाळेच्या पुण्याईवर पुढे १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं. आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म आला तो याच स्कॉच मिशनमधून. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर २५ डिसेंबरला आमच्या घरी साधा वरणभात हवा, आणि वर आजचा वार कोणता एवढंच बोलणं हवं.

प्रत्यक्षात डिसेंबर लागला की माझी आत्या माळ्यावरची मोठी कढई उतरवते आणि तिथून पुढे घरात कोणाचंच काही चालत नाही. खोबरं किसलं जातं, रवा भाजला जातो, चिवड्याचे पोहे उन्हात पडतात, चकलीचा सोऱ्या हरवतो आणि सापडतो. दिवाळीत बाजारातून आणलेल्या चांदणीच्या आकाशकंदिलातला बल्ब बदलून तोच पुन्हा गॅलरीत चढतो. आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की जानेवारीपर्यंत त्याची समजूत असते की या घरची दिवाळी फार लांबते.

आईचं माहेर नगरचं. तिकडे अमेरिकन मराठी मिशन; मुंबईत १८१३ साली आलेलं, नगरला १८३१ पासून. त्यांचं मुख्यालय बॉस्टनला, आणि बॉस्टनचे जुने प्युरिटन या बाबतीत स्कॉच लोकांच्याही वरताण. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ करताना कोणी सापडला तर पाच शिलिंग दंड होता. काम बंद ठेवलं तरी दंड, मेजवानी केली तरी दंड. हा दर आजवर चालू राहिला असता तर माझं आजोळ कधीच लिलावात निघालं असतं, आणि आजीच्या चकल्यांसाठी बहुधा वेगळं कलम लागलं असतं.

तर दोन्ही बाजूंनी आमचा वारसा नाताळ न पाळणाऱ्यांचा. मग करंजी आली कुठून? कोणत्याही पाळकाने व्यासपीठावरून करंजीचा उपदेश केल्याची नोंद नाही. मला वाटतं, झालं असं असणार: पणजोबांनी धर्म बदलला तेव्हा त्यांनी पुष्कळ विचार केला, वाचलं, वाद घातले, रात्ररात्र जागले. पणजीला कोणी विचारलं नाही. ती बाप्तिस्म्याला उभी राहिली, घरी आली आणि तिला सवयीचं होतं तेच करू लागली. दिवाळी गेली होती, पण हात जागेवर होते. दोनेक महिने हातांनी कळ काढली आणि मग ते नाताळला लागले. पुढच्या पिढीला तर करंजी बेथलेहेमहूनच आली असं वाटू लागलं.

रोमन लोकांनी ही हातांची सवय मोडायचा एकदा जबर प्रयत्न करून पाहिला आहे. (आमच्याकडे कॅथलिकांना अजून रोमन म्हणतात, ज्युलियस सीझरशी त्यांचा संबंध नसतो.) १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक फर्मान काढलं. बाटलेल्या लोकांनी लग्नात हळद लावू नये, विड्याची पानं-फुलं वाटू नयेत, ओव्या गाऊ नयेत, दारात तुळस ठेवू नये. त्यात एक कलम असं की भात मिठाशिवाय शिजवू नये, कारण तशी हिंदूंची रीत. धर्मसत्तेचा अधिकारी चुलीपाशी जाऊन भाताची चव घेतोय, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा. त्या फर्मानाचं पुढे काय झालं हे गोव्यातल्या कोणत्याही ख्रिस्ती लग्नाच्या आदल्या दिवशी कळतं. नवऱ्यामुलीला नारळाच्या रसाने घरच्या बायका न्हाऊ घालतात, त्याला ‘रोस’ म्हणतात, आणि गाणीही होतात. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचं बंद पडलं. ते बंद पाडणाऱ्यांत नारळाचा वाटा किती, ते इतिहासकारांनी पाहावं.

आमच्या घरी या सगळ्यावर दरवर्षी वाद होतो. तो नाताळच्या दुपारी, जेवणानंतर होतो. भरल्या पोटी धर्मशास्त्र बरं सुचतं. एका बाजूला काका, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. त्यांचं म्हणणं, ख्रिस्ती माणसाला एकच प्रमाण, वचन. बाकी सगळी माणसांची परंपरा, आणि येशूने परंपरेवरून परूशांना कसं फैलावर घेतलं ते मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. हात कोपरापर्यंत धुता, पण आईबापांना पोसायची वेळ आली की धर्माचं निमित्त काढता, असं त्याने तोंडावर सुनावलं. काका हे सांगतात तेव्हा त्यांच्या हातात सहसा दुसरी करंजी असते.

आत्या मार्कच्या वाटेला जात नाही. तिचं शुभवर्तमान लूकचं. ती म्हणते, “तो परूशांना बोलला ते खरं. पण आईबापांबरोबर दरवर्षी जत्रेला जायचा की नाही?”

हे मात्र काकांना नाकारता येत नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायात ते स्वच्छ लिहिलेलं आहे. योसेफ आणि मरिया वल्हांडणाच्या सणाला दरसाल यरुशलेमला जात. मुलगा बारा वर्षांचा झाला तेव्हा सगळं गाव निघालं होतं, नातलग, ओळखीपाळखीचे, पोरंबाळं. सण आटोपून परत निघाले आणि एक अख्खा दिवस चालून झाल्यावर लक्षात आलं की पोरगा बरोबर नाही.

“एक दिवस!” आत्या दरवर्षी इथे थांबते. “सकाळी निघाले, दुपारची शिदोरी सुटली, संध्याकाळ झाली. आईला वाटलं मावशीबरोबर असेल, मावशीला वाटलं काकांबरोबर असेल, काकांना नेहमीप्रमाणे काहीच वाटलं नाही. आणि सापडला कधी? तीन दिवसांनी. देवळात पंतोजींशी वाद घालत बसलेला. हे घर आपल्यासारखंच होतं, रे.”

काका म्हणतात की वल्हांडण हा मोशेच्या नियमशास्त्रातला सण, देवाने नेमलेला. नाताळाची गोष्ट वेगळी. यावर आत्याकडे हुकमी उत्तर आहे, ते तिला एका जुन्या पाळकसाहेबांनी दिलं होतं. योहानाच्या दहाव्या अध्यायात हिवाळ्यात येशू यरुशलेमच्या मंदिरात फिरतो आहे, सण आहे पुनःप्रतिष्ठेचा. हा सण मोशेच्या पुस्तकांत नाही. मक्काबी घराण्याने ग्रीकांकडून मंदिर सोडवून ते शुद्ध केलं, इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमाराला, आणि तेव्हापासून लोकांनी सुरू केला. शुद्ध माणसांचा सण. शिवाय हिवाळ्यातला. शिवाय दिव्यांचा. “तो तिथे काय थंडी वाजतेय म्हणून गेला होता?” आत्या विचारते. काका चहा मागतात.

हा वाद कचारगडला पोचला तो माझ्या एका सहकाऱ्यामुळे. तो सालेकसा भागातला, गोंड. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या डोंगरात, धनेगावजवळ, कोया पुनेम म्हणजे गोंडी धर्म मानणाऱ्यांची मोठी जत्रा भरते; महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण, ओडिशा, सगळीकडून माणसं येतात. त्याने मला सहकुटुंब बोलावलं. घरात मी हे सांगितलं तेव्हा काकांनी चष्मा पुसायला घेतला. परधर्माच्या जत्रेत ख्रिस्ती माणसाचं काय काम, हा त्यांचा प्रश्न. आत्याने त्यांना त्यांच्याच मिशनने गप्प केलं.

कारण गोष्ट अशी की कचारगडच्या गुहेची कथा पहिल्यांदा कागदावर उतरवून ठेवली ती हिस्लॉपनेच. गोंडांच्या प्रधानांकडून, म्हणजे त्यांच्या परंपरागत गायकांकडून, त्याने गोंडांच्या धर्मपुरुषाचं, लिंगोचं, लांबलचक गीत मिळवलं, गोंडी शब्द रोमन लिपीत आणि खाली इंग्रजी अर्थ, अशा बेताने. ते छापून आलेलं त्याला पाहता आलं नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरजवळ टाकळघाटच्या बाजूला जुनी दगडी वर्तुळं पाहून तो रात्री घोड्यावरून परतत होता, नाल्याला पूर आला होता, त्यात तो बुडाला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्याचे कागद १८६६ मध्ये छापून काढले. पुढे फोर्सिथ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने त्याच गीताला अमेरिकन कवीच्या ‘हायावाथा’चा ठेका लावून इंग्रजी पद्य केलं. लिंगोने हे ऐकलं असतं तर तो पुन्हा गुहेचं दार लावून बसला असता असं मला वाटतं, पण ते असो.

विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. स्वतःच्या घरी नाताळ न करणारा माणूस. परंपरांवर आक्षेप घेण्यासाठी समुद्र ओलांडून आलेला. आणि दुसऱ्यांची परंपरा तो रात्री कंदिलाखाली बसून ओळीओळीने उतरवून घेतोय, एखादा शब्द राहिला तर प्रधानाला पुन्हा म्हणायला लावतोय. (कंदील माझा, बाकी कागदांवरून दिसतं.) याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा, आत्या म्हणते, “साहेबाला गाणं आवडलं.” त्याच प्रधानांवर पुढे १९४६ मध्ये पुस्तक लिहिणारे श्यामराव हिवाळे मराठी ख्रिस्ती. ते आणि व्हेरियर एल्विन १९३२ मध्ये मंडल्याकडच्या गोंडांत जाऊन राहिले. एल्विन तेव्हा पाद्री होता; नागपूरच्या बिशपसाहेबांशी त्याचं जमलं नाही आणि पुढे त्याने चर्चच सोडलं. काका या दोघांचा विषय निघाला की हिस्लॉपकडे परत येतात.

“मग साहेबाने लिहून घेतलेलं गाणं जिथलं आहे, ती जागा बघायला काय हरकत आहे?” आत्याने विचारलं. काका म्हणाले, हरकत नाही, पण प्रसाद?

प्रसादाचं पुढे सांगतो.

नागपूरहून कचारगडसाठी दरेकशाला रेल्वेने जाताना गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी स्टेशनं लागतात आणि पुढे बोगदा, मग डोंगरगड, राजनांदगाव. मराठी ख्रिस्ती माणसाला ही लाइन चार धामांपैकी एक वाटायला हवी, पण कोणी तसं मानत नाही. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला, गप्पा कवितेवरून देवावर आल्या, त्याने टिळकांना बायबलची प्रत दिली आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. इतकं वेळेवर आलेलं भाकीत त्या लाइनवर पुन्हा ऐकिवात नाही. गाड्यांचं तर सोडाच.

गाडीत आत्याला मी हे सांगत होतो. तिचं लक्ष लक्ष्मीबाईंकडे. “टिळकांना पुस्तक दिलं, ठीक. बाईला कोणी काय दिलं?” मराठी ख्रिस्ती बायकांत लक्ष्मीबाई टिळक हा घरचा विषय असतो. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही सोवळं-ओवळं सांभाळून, आपला स्वयंपाक निराळा ठेवून राहिल्या. एका घरात दोन धर्म, मधे चूल. मग एके दिवशी वाटेवर बसल्याबसल्या जातपात सगळी मनुष्याने केलेली आहे असं त्यांना आतूनच वाटलं आणि त्यांनी सोवळं टाकलं. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी वाटतं, टिळकांना धर्म बदलायला दोन वर्षं लागली, लक्ष्मीबाईंना पाच. कारण टिळकांना फक्त मत बदलायचं होतं, त्यांना स्वयंपाकघर. टिळकांनीही पुढे चर्चमध्ये अभंग आणले, टाळ आणले, कीर्तन आणलं. कीर्तनकार पाळक उभा राहतो तेव्हा जुन्या स्कॉच साहेबाच्या आत्म्याला काय वाटत असेल कोण जाणे. पण लिंगोचं गाणं आवडलेला साहेब असेल तर डोलत असावा.

जत्रेत पिवळा रंग. पिवळे दुपट्टे, पिवळे फेटे, सात रंगांचे झेंडे, समोरचा प्रत्येक माणूस “जय सेवा” म्हणत पुढे सरकतो. पुस्तकांची दुकानं इतकी की एखाद्या साहित्य संमेलनाला लाज वाटावी. कॅलेंडरं, गोंडी अंकलिप्या, मोतीरावण कंगालींचे ग्रंथ. कंगाली नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरीला होते. आईबापांनी ठेवलेलं मोतीराम हे नाव बदलून त्यांनी मोतीरावण केलं आणि गोंडी धर्म, भाषा, देवस्थानं यांवर आयुष्यभर लिहिलं. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या शिकलेल्या मुलांनी १९८०च्या दशकात ही यात्रा नव्याने उभी केली, तेव्हा डोंगर चढणारे मोजके होते. गुहा युगानुयुगांची, जत्रेची गर्दी माझ्याहून लहान. मला यात विसंगत काही वाटत नाही. आमच्या घरची ‘पिढ्यान्‌पिढ्यांची’ करंजी तरी केवढी जुनी आहे?

आणि लाउडस्पीकर. मराठी मुलखातली जत्रा कोणत्याही धर्माची असो, लाउडस्पीकरवर तेच चाललेलं असतं. अमुक गावची अमुक रंगाचा फ्रॉक घातलेली मुलगी मंडपाजवळ सापडली आहे, आईवडिलांनी येऊन घेऊन जावं. पुन्हा तेच. मग थोडं चिडून पुन्हा. आत्या थांबून ऐकत राहिली. “बघ,” ती म्हणाली, “यरुशलेमात माइक असता तर तीन दिवस लागले नसते.”

माझ्या सहकाऱ्याची आई आमच्याबरोबर चढत होती. बाई साठीच्या पुढच्या, अनवाणी, आमच्यापेक्षा दुप्पट वेगाने चढणाऱ्या. वाटेत मायलेकांचं चाललेलं ऐकून मला आमचं जेवणघर आठवलं. लेकाचं म्हणणं, दिवाळी-दसरा आपले नाहीत. आपल्याला आपले पंडुम म्हणजे सण आहेत, तेच करावेत. रावण जाळायला तर मुळीच जाऊ नये. बाई म्हणत होत्या, “रावन नोको जाळू, मी कुठं जाळतो म्हनते? पन दिवा कायले लावू नोको? पोरी माहेरी येतेत त्या टायमाले.” लेक म्हणाला, पोरी आपल्या सणाला बोलावू. बाई म्हणाल्या, “जावयाले सुट्टी कोन देते, तू?” आत्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काका होते.

गुहा प्रचंड आहे. आत उभं राहिलं की आपला आवाज आपल्याला परका वाटतो. सहकारी कथा सांगत होता: काली कंकालीची तेहेतीस लेकरं या गुहेत कोंडलेली, तोंडावर शिळा, जंगो रायताडने त्यांची केलेली काळजी, आणि मग परी कुपार लिंगोने आणि हिरासुका पाटालीरच्या वाद्याने ती शिळा हटवली, लेकरं बाहेर आली, त्यांतून गोंडांची कुळं. हिस्लॉपच्या कागदांत कथा थोडी निराळी आहे, तिथे महादेव गोंडांना कोंडतो आणि गुहाही दूर धवळागिरीवर आहे. गाणारा बदलला की गाणं बदलतं. पण शिळा दोन्हीकडे आहे.

गुहा, तोंडावरची शिळा, शिळा सरकणं. ख्रिस्ती माणसाच्या छातीत इथे काहीतरी हलतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. आमच्यातले काही उत्साही उपदेशक यावर पाऊण तासाचं प्रवचन करतील आणि शेवटी लिंगो आमचाच होता असं सिद्ध करून खाली उतरतील. मला तो उद्योग आवडत नाही. ज्यांची गुहा त्यांची. आत्याने मात्र वेगळंच विचारलं. येशूच्या कबरेकडे भल्या पहाटे बायका निघाल्या होत्या, सुगंधी द्रव्यं घेऊन, आणि वाटेत त्यांना एकच काळजी होती की शिळा कोण लोटून देईल. पुरुष शिष्य घरी दारं लावून बसले होते. “इथे त्या जंगोबाई होत्या ना,” आत्या म्हणाली, “लेकरांना खायला घालायला शिळेच्या आड कशा जात होत्या?” सहकारी म्हणाला, हे मी आईला विचारून सांगतो. अभ्यास त्याचा दांडगा, पण तोवर त्याला हे कोणी विचारलं नव्हतं.

आता प्रसाद. उतरताना झाडाखाली बसलो, बाईंनी पदराच्या गाठीतून खोबऱ्याचा तुकडा आणि गूळ काढला आणि आत्याच्या हातावर ठेवला.

या प्रश्नावर पौलाने करिंथकरांना तीन अध्याय लिहिले आहेत. तिथे मूर्तीला वाहिलेलं मांस बाजारात यायचं आणि नव्या ख्रिस्ती लोकांना शेजारी जेवायला बोलवायचे. पौल म्हणतो, बाजारात जे मिळतं ते खा, चौकशी करत बसू नका. कोणाच्या घरी गेलात तर पुढ्यात येईल ते खा. मात्र कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका. शेजारधर्मावर इतकं व्यवहारी मी दुसरं वाचलेलं नाही. अडचण एवढीच, की करिंथात आमचे काका नव्हते. ते गणपतीच्या दिवसांत शेजारून मोदक आला की ताटली दारातून आत येण्याआधी विचारतात, “वाहिलेला की न वाहिलेला?” आणि मग घरात कोणालाच खाता येत नाही. त्यांनी एकदाही न विचारलेला एकच पदार्थ म्हणजे पुरणपोळी.

आत्याच्या हातावर गूळखोबरं होतं. सहकारी शिकलेला, सभ्य, पाहुणीला अंधारात ठेवू नये म्हणून तो म्हणाला, “आत्या, हे म्हणजे आमच्यात...”

“तू बोलू नकोस, बाबा,” आत्या म्हणाली आणि तिने तुकडा तोंडात टाकला.

मग दोघी बायकांचं सुरू झालं आणि आम्हा दोघांना काही काम उरलं नाही. नाताळात काय करता, बाईंनी विचारलं. आत्याने यादी सांगितली: करंज्या, चकल्या, चिवडा, रव्याचे लाडू, शंकरपाळे.

“हे तं दिवाळीचं झालं.”

“केक पण असतो,” आत्या जरा घाईने म्हणाली.

“थो घरी बनवता?”

“नाही. बेकरीतून आणतो.”

बाईंनी यावर काही मत दिलं नाही. त्यांनी खरा प्रश्न विचारला. गोंडांत ओळख करून घेताना तो आधीच विचारायचा असतो, त्यांना उशीरच झाला होता. गोंडांची कुळं देवांच्या संख्येवर वाटलेली: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एकाच संख्येचे सगळे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. मुलगी द्यायची ती दुसऱ्या संख्येत.

“तुमी किती देवाचे, बाई?”

“एकच,” आत्या ठामपणे म्हणाली. आणि मग रविवारच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलेलं आठवून तिला राहवेना. “म्हणजे तसे तीन. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. पण एकच.”

बाईंनी बोटं मोजली. “तीन का एक?”

“तीन, पण एक.”

“सगळे ख्रिस्ती लोक असेच? नागपूरवाले, मुंबईवाले, सारेच?”

“सगळे.”

बाईंच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी दिसली. “म्हंजे सारे भाऊभाऊच झाले की. मंग लेकरायची लग्नं कोनाशी करता, माय?”

आत्या क्षणभरही अडखळली नाही. “मिशन बघतो ना,” ती म्हणाली. “आमचं स्कॉच. याची आई अमेरिकन. माझी मधली जाऊ मुक्तिफौजेतली. आणि रोमनांत शक्यतो देत नाही.”

बाईंनी मान डोलावली. आता त्यांना सगळं समजलं होतं.